कोणता मार्ग सुचवावा?

आमच्या घरीं सध्यां एक आगगाडी आहे. ती माडीवरील पूर्वेकडच्या खोलींत राहते. शाळेच्या दिवशीं रात्रीं आठ ते नऊ, व रविवारीं सकाळपासून वहिनींचा आवाज चढेपर्यंत धांवते. आणि तिचे रूळ आज टोकियो तर उद्यां बर्लिन असे कोठेंहि पसरलेले असतात. ज्यांच्या घरांत बारा ते अठरा वर्षांचा मुलगा आहे त्यांना हें कोडें उलगडून सांगावयास नको. इतर वाचकांसाठीं सांगतों कीं, हा संगणकावर गाडी चालविण्याचा खेळ आहे. खेळ म्हटला तरी त्यांत पळापळ नाहीं कीं गोळीबार नाहीं. मोटरमनला आपल्या कांचेंतून दिसतात तसे रूळ समोर दिसतात, सिग्नल येतात, स्टेशन येतें, आणि नेमलेल्या खुणेवर, नेमल्या सेकंदास, उतारूंना धक्का न बसतां गाडी उभी करावयाची, एवढाच काय तो पुरुषार्थ! १९९६ सालीं जपानांत ‘टायटो’ कंपनीनें ‘देन्शा दे गो’ या नांवाचें असें यंत्र करमणुकीच्या दुकानांतून मांडलें, तेव्हां तेथील मुलेंच काय, कचेरींतून परतणारे गृहस्थहि पैसे टाकून त्यापुढें बसूं लागले. दिवसभर गाडीनें हिंडून पुन्हां संध्याकाळीं गाडीच चालवावयाची, हें मला प्रथम हास्यास्पद वाटलें होतें. आतां वाटत नाहीं. तें कां, तें पुढें येईलच.

आमचा मिहिर (हा माझ्या ज्येष्ठ बंधूंचा नातू, यंदा दहावींत) जो खेळ खेळतो तो विकत घ्यावा लागत नाहीं. जगभरच्या हौशी मंडळींनीं तो मिळून वाढविलेला आहे, आणि त्यांतील मार्गहि हौशी लोकच लिहितात. ‘लिहितात’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. मार्ग काढावयाचा म्हणजे चित्र काढावयाचें अशी माझी समजूत होती; परंतु मिहिरनें एकदां आंतील कागदपत्र उघडून दाखविलें तेव्हां मला आमच्या वडिलांच्या खतावणीची आठवण झाली. डाव्या बाजूला आरंभापासूनचें अंतर मीटरांत. त्यापुढें त्या ठिकाणीं काय आहे त्याची नोंद. बाराशें मीटरांवर डावीकडे वळण, त्रिज्या तीनशें. तेराशें पन्नासांवर वळण संपलें. पंधराशेंवर उतार, दर हजारीं वीस. अठराशेंवर स्टेशन, फलाट उजव्या हातीं. पंचवीस पंचवीस मीटरांचे तुकडे पाडीत पाडीत असें अख्खें शहर लिहून काढावयाचें. या कामाला संयम किती लागतो याची कल्पना येण्यासाठीं एवढेंच सांगतों कीं, ज्या मुलाच्या वहींत इतिहासाच्या उत्तराला चौथी ओळ कधीं सांपडली नाहीं, त्यानें लंडनच्या एका बोगद्यांतील दिव्यांच्या नोंदी एका बैठकींत चारशें ओळी केल्या होत्या.

तर मिहिरच्या या खेळगड्यांच्या मंडळींत गेल्या वर्षीं असें ठरलें कीं, नव्या शहरी मेट्रो मार्गांच्या सूचना मागवाव्यात. ज्याला जो मार्ग सुचेल त्यानें त्याचें टिपण करावें : शहर कोणतें, लांबी किती, स्टेशनें किती, आणि मुख्य म्हणजे तो मार्ग चालविण्यास योग्य कां. पाहण्यास योग्य नव्हे, चालविण्यास योग्य! हा भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे. मिहिरनें हा प्रश्न रात्रीच्या जेवणाच्या पंगतींत टाकला, आणि आमच्या घरीं कोणताहि प्रश्न टाकला म्हणजे होतें तेंच झालें.

आमच्या सूनबाईंचें माहेर कलकत्त्याचें. त्यांनीं तत्काळ हावडा मैदानाचा मार्ग पुढें केला. हिंदुस्थानांतील पहिली मेट्रो कलकत्त्याची, २४ ऑक्टोबर १९८४ रोजीं एस्प्लनेड ते भवानीपूर सुरू झालेली; आणि नदीखालून जाणारी पहिली गाडीहि कलकत्त्याचीच, २०२४ सालच्या मार्च महिन्यांत सुरू झालेली; तेव्हां निवाडा करण्यासारखें उरलें तरी काय, असा त्यांचा सवाल. गेल्या हिवाळ्यांत एका लग्नाच्या निमित्तानें मी त्या मार्गानें गेलों होतों, म्हणून मलाहि साक्ष देणें भाग पडलें. हुगळीखालचा तो बोगदा पांचशें वीस मीटरांचा आहे. गाडी तो सुमारें पंचेचाळीस सेकंदांत ओलांडते. नदी लागली हें उतारूंस कळावें म्हणून तेवढ्या भागांत निळे दिवे लाविले आहेत, आणि ते दिसतांच डब्यांतील बोलणें क्षणभर थांबतें. माझ्या शेजारच्या एका वृद्ध बंगाली बाईंनीं तर डोक्यावर पदर घेऊन हात जोडले; गंगाच ती, वरून ओलांडली काय आणि खालून ओलांडली काय! परंतु मिहिरनें रास्त शंका काढली कीं, पंचेचाळीस सेकंदांसाठीं बाकीचा सोळा किलोमीटरांचा मार्ग कोण चालवील?

“मग आपली मुठा काय वाईट आहे?” आमच्या मातोश्रींनीं विचारलें. त्यांचें वय ब्याण्णव. पुण्याच्या मेट्रोचा बोगदाहि मुठेखालून जातो हें त्यांनीं वर्तमानपत्रांत वाचलें होतें. “मुठेला पाणी नसतें, आजी,” कोणीतरी म्हणालें. “तर मग बोगदा खणायला सोपा गेला असेल,” असें म्हणून त्यांनीं ताकाचें भांडें पुढें केलें.

या सगळ्या कोलाहलांत एक मनुष्य गप्प होता. तो म्हणजे आमचे दादा, मिहिरचे आजोबा. दादांनीं बावीस वर्षें मुंबईच्या बाजूला लोकल गाडी चालविली. आमच्या घरांत आगगाडीविषयीं अधिकारवाणीनें बोलण्याचा हक्क कोणाला असेल तर त्यांना. आणि त्यांनींच निवृत्तीपासून या विषयावर चकार शब्द काढलेला नव्हता. मिहिरच्या खोलीवरून जातांना ते पाय उचलून जात. एकदां त्यानें मोठ्या उत्साहानें “आजोबा, बसा ना, तुम्हांला किती गुण मिळतात पाहूं,” म्हणून खुर्ची पुढें ओढली, तर “मला चष्म्याचा त्रास होतो” म्हणून ते खालीं निघून आले, आणि खालीं येऊन दीड तास बारीक टाइपाचें पंचांग वाचीत बसले.

शेवटीं ठरलें असें कीं, मार्ग प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सूचना करूं नये, आणि पाहण्याचें काम घरांतील निरुद्योगी माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे, सोंपवावें. मिहिर टिपणवही घेऊन बरोबर.

आरंभ अर्थातच पुण्यापासून केला. पुण्याची मेट्रो तुकड्यातुकड्यांनीं आली : ६ मार्च २०२२ रोजीं पहिले दोन भाग सुरू झाले, आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजीं जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी भाग खुला झाला, तेव्हां पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटपर्यंतची सलग वाट पुरी झाली. आम्ही पिंपरीहून बसलों. चालकाची खोली बंद असते, त्यामुळें पहिल्या डब्यांत तिच्या दाराशीं उभें राहून, बाजूच्या खिडकींतून दिसेल तें पाहावें आणि पायांना कळेल तें टिपावें एवढाच मार्ग होता. पायांना पुष्कळ कळतें! कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी हा सारा भाग उंच खांबांवरून जातो. खालीं कारखान्यांचीं पत्र्याचीं छपरें, जुना मुंबई रस्ता आणि बाजूनें लोहमार्ग. खडकी मागें पडते, आणि रेंज हिल्सच्या पुढें गाडी एकाएकीं मान खालीं घालते. छपरें वर जातात, झाडांचे शेंडे वर जातात, भिंत वर जाते, आणि उजेड मागच्या डब्यांत राहून जातो. मिहिरनें त्या ठिकाणीं वहींत नुसती एक तिरपी रेघ ओढून तिच्याखालीं दोन ओळी मारल्या. चालकाच्या दृष्टीनें सबंध मार्गाचें मर्म तेथें आहे असें त्याचें मत पडलें. उतारावर वेग आवरावयाचा, उजेडांतून अंधारांत डोळे न्यावयाचे, आणि लगेच शिवाजीनगरला खुणेवर थांबावयाचें.

जिल्हा न्यायालयाचें भुयारी स्टेशन जमिनीखालीं तेहेतीस मीटर आहे. फलाटावरून वर येतांना एकामागून एक सरकते जिने लागतात, आणि प्रत्येक जिन्याच्या माथ्यावर आतां तरी आकाश दिसेल अशी आशा उत्पन्न होऊन मावळते. आमच्या बरोबरीचे एक वकील म्हणाले, “खटल्याची संवय व्हावी म्हणून पक्षकाराला येथूनच तयारी करवून घेतात.” तेथून पुढें मुठेखालून कसबा पेठ, मग मंडई, मग स्वारगेट. हीं दोन मिनिटांवरचीं नांवें. पण माझ्या लहानपणीं कसब्यांतून मंडईपर्यंत आईबरोबर भाजीला जाणें हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम असे. वाटेंत तीन घरीं थांबावयाचें, एका देवळांत बसावयाचें, आणि एका ठिकाणीं निश्चित भांडावयाचें. ज्या वाड्यांत माझा जन्म झाला त्याच्या जवळपास खालून आम्ही कधीं गेलों तें मला कळलेंसुद्धां नाहीं. वर पाहिलें तर छताला दिवे होते. मी मिहिरला म्हटलें, “हाच मार्ग सुचवावा.” तो म्हणाला, “अण्णाआजोबा, तुम्हांला आठवणी आहेत म्हणून. खेळणाराला नुसती भिंत दिसेल.” हें मला लागलें, पण खोटें म्हणतां येईना.

मुंबईला जाण्याचें ठरलें तेव्हां मीं दादांना गळ घातली. दोघांनीं जाऊन भागण्यासारखें होतें. परंतु माझे गुडघे, तेथील गर्दी, पोराची जबाबदारी अशीं कारणें मीं रचलीं. दादांनीं तीं कारणें एकून घेतलीं, खरीं मानलीं नाहींत, आणि तरीहि सकाळीं सात वाजतां ते दक्षिण-राणीच्या फलाटावर डबा घेऊन उभे होते.

दादरला उतरून लोकलनें घाटकोपर, आणि तेथून मेट्रो. मुंबईची ही पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजीं सुरू झाली. घाटकोपर ते वर्सोवा, अकरा किलोमीटर व वर थोडें, स्टेशनें बारा. ज्यांनीं पूर्वी घाटकोपरहून अंधेरीस बसनें प्रवास केला आहे त्यांना या बारा स्टेशनांचें मोल सांगावयास नको. खेळाच्या दृष्टीनें म्हणाल तर हा मार्ग मला अतिशय आवडला. सर्व मार्ग उंचावरून जातो. असल्फ्याला टेंकडीवरचीं रंगविलेलीं घरें थेट खिडकीला येऊन टेंकतात. कोणाचे वाळत घातलेले कपडे, कोणाची तुळस, कोणाचा दाढी करीत असलेला आजोबा, सारें दोन क्षणांत दिसून जातें. पुढें पश्चिम द्रुतगती महामार्गावरून जाणारा, केबलांनीं तोलून धरलेला पूल. आणि अंधेरीजवळ तर शोभाच शोभा! तेथें मेट्रो पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून जाते. आपण वर, लोकल खालीं. मिहिर तर आनंदानें वेडा झाला. एकाच चौकटींत दोन गाड्या, एकीचा रूळ अरुंद तर दुसरीचा रुंद, खालीं गर्दीनें भरलेले फलाट; असा देखावा जगांत किती मार्गांवर मिळेल?

त्यानें दादांना विचारलें, “आजोबा, कसा आहे?”

दादा खालीं पाहत होते. एक लोकल स्टेशनांत शिरत होती. त्यांचा उजवा हात डब्यांतल्या दांड्यावर होता, आणि तो वरून खालीं दाबलेला होता. मला त्याचा अर्थ ठाऊक होता. जुन्या लोकलची मूठ मोटरमनला सतत दाबून धरावी लागे. हात उचलला कीं गाडी आपोआप थांबावी अशी योजना असे, म्हणजे मोटरमनला कांहीं झालें तरी उतारू वांचावेत. लोकल उभी राहीपर्यंत दादांनीं हात सैल केला नाहीं. मग ते म्हणाले, “चांगला आहे.” आणि वर्सोव्यापर्यंत पुन्हां बोलले नाहींत.

परततांना आम्ही मरोळ नाक्यास उतरलों. येथें ही उंचावरची मेट्रो सोडून खालच्या भुयारी मेट्रोला जातां येतें. ही मुंबईची तिसरी मेट्रो : आरे ते कफ परेड, साडेतेहेतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशनें, पैकीं आरे तेवढें जमिनीवर, बाकीचीं सव्वीस जमिनीखालीं. तिचा पहिला भाग ऑक्टोबर २०२४ मध्यें, तर कफ परेडपर्यंतचा शेवटचा भाग ऑक्टोबर २०२५ मध्यें सुरू झाला. तिच्या गाड्यांच्या आगारासाठीं आऱ्यांतील दोन हजारांहून अधिक झाडें २०१९ सालीं तोडलीं गेलीं, आणि त्यावरून शहरांत केवढें वादळ उठलें हें वाचकांना आठवत असेल. ज्या सोईचा उपभोग आपण घेतों तिची किंमत दुसऱ्या कोणी दिली कीं विसर लवकर पडतो. माझेंहि तसेंच झालें, कारण आंतील गारव्यानें मला फार बरें वाटलें.

फलाटावर आलों तों रूळ दिसेनात. फलाटाच्या कडेला या टोंकापासून त्या टोंकापर्यंत कांचेची भिंत, आणि तिला बंद दारें. गाडी येऊन नेमकी उभी राहिली म्हणजे भिंतीचें दार आणि गाडीचें दार समोरासमोर उघडतें. एरव्हीं रुळाकडे जाण्यास वाट नाहीं. मिहिर हिरमुसला. “यांत काय चालवायचें? सगळा बोगदा. शिवाय या गाड्या आपोआपच चालण्याच्या बेतानें बांधलेल्या आहेत.”

दादा त्या भिंतीजवळ गेले. त्यांनीं कांचेवर तळहात ठेवला, जोर देऊन पाहिला, चार पावलें पुढें जाऊन पुन्हां पाहिला. एक गाडी आली, दारें उघडलीं, माणसें चढलीं उतरलीं, दारें मिटलीं, गाडी गेली. दादा तेथेंच. दुसरी गाडी आली आणि गेली. मग ते येऊन बांकावर बसले आणि म्हणाले, “हा सुचवा.”

“पण आजोबा, कां?”

“हिच्यापुढें कोणी येऊं शकत नाहीं.”

मिहिरला कळलें नाहीं. मला कळलें, आणि इतकीं वर्षें कळलें नव्हतें याची लाज वाटली. मीं त्याला पाण्याची बाटली आणावयास पाठविलें. तेवढ्या वेळांत दादांनीं मला जें सांगितलें तें फार थोडें होतें. सात वेळां. बावीस वर्षांत सात वेळां. पैकीं दोघांनीं ठरवून केलें होतें, इतर घाईंत रूळ ओलांडीत होते. वेगांत असलेली लोकल थांबावयास कित्येकशें मीटर लागतात, आणि माणूस दिसतो तो त्याच्या पुष्कळ अलीकडे. शिटी वाजवावयाची, ब्रेक लावावयाचा, आणि मूठ सोडून दिली तरी पुढचे कांहीं क्षण मोटरमनच्या हातांत कांहीं नसतें. “शेवटीं माणूस वर पाहतो,” दादा म्हणाले. “गाडीकडे नाहीं पाहत. माझ्याकडे पाहतो.” पुढच्या स्टेशनांत खबर द्यावयाची, कागद लिहावयाचा. घरीं येऊन ते “आज उशीर झाला” एवढेंच सांगत. वहिनींना मात्र कळे, कारण त्या दिवशीं ते आल्याबरोबर कोणाशीं न बोलतां स्नानास जात. आणि ज्या दिवशीं ते असे स्नानास जात त्या दिवशीं वहिनी कांहीं विचारीत नसत. हें दोघांनीं आपसांत कधीं बोलून ठरविलेलें नव्हतें.

मिहिर बाटली घेऊन आला. आम्ही त्याच मार्गानें दक्षिणेकडे निघालों. विमानतळ, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी, दादर, वरळी अशीं स्टेशनें एकामागून एक आलीं. खिडकीबाहेर काळी भिंत, तींतून जाणाऱ्या तारा आणि दिवे, दुसरें कांहीं नाहीं. मी पूर्वी म्हटलें असतें कीं, एवढें मोठें शहर डोक्यावर असून त्यांतील तसूभरहि दिसत नाहीं हा केवढा दुष्काळ! परंतु दादा पहिल्या डब्याच्या टोंकाला पाठ ताठ करून बसले होते, आणि गिरगांव गेल्यावर पाहतों तों त्यांना झोंप लागलेली. प्रवासांत दादांना झोंप लागलेली मीं उभ्या जन्मांत पाहिली नव्हती. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसला त्यांना हलवून उठवावें लागलें.

घरीं आल्यावर पुन्हां वाद झाला. सूनबाईंनीं हुगळी सोडली नाहीं; कलकत्त्याच्या त्या नव्या मार्गावरहि फलाटाला दारें आहेत हें त्यांनीं मोठ्या चतुराईनें निदर्शनास आणलें. माझें मत अजूनहि घाटकोपर-वर्सोव्याकडे आहे. अंधेरीच्या पुलाला तोड नाहीं, आणि खेळ हा शेंवटीं डोळ्यांसाठीं असतो. पण टिपण लिहावयाचें होतें मिहिरला. त्यानें काय ऐकलें होतें, कोणाकडून ऐकलें, हें मीं विचारलें नाहीं. वहिनी त्या रात्रीं त्याच्या खोलींत बराच वेळ बसल्या होत्या एवढें खरें. त्यानें पहिली सूचना केली ती आरे ते कफ परेड. ‘चालविण्यास योग्य कां’ या रकान्यांत त्यानें काय लिहिलें तें त्यानें कोणाला दाखविलें नाहीं.

सूचना मान्य होईल तेव्हां होईल. मिहिरनें वाट न पाहतां मरोळ नाक्यापासून पुढचीं तीन स्टेशनें स्वतःच लिहावयास घेतलीं. वळणांचा अंदाज त्याच्या वहींतला, चढउतारांचा पायांचा. कांचेची भिंत करावयास त्याला दोन आठवडे लागले. गेल्या रविवारीं ती उभी राहिली, तेव्हां जिन्यावर पावलें वाजलीं, आणि दादा आपण होऊन खोलींत आले. त्यांनीं चष्मा पुसला, खुर्ची पुढें ओढली, आणि कोणती कळ कशाची हें एकदांच विचारून घेतलें. मरोळ नाक्याहून गाडी निघाली. पुढचें स्टेशन दिसूं लागतांच त्यांचें बोट शिटीच्या कळेवर गेलें व शिटी वाजली.

“आजोबा, येथें शिटीची जरूर नाहीं,” मिहिर म्हणाला.

दादांनीं बोट काढून घेतलें. गाडी खुणेच्या तीन मीटर अलीकडे उभी राहिली, दारें उघडेनात, आणि पडद्यावर गुण वजा झाले. दादा भयंकर चिडले. ब्रेक बरोबर लिहिलेला नाहीं, एवढ्या उतारावर गाडी अशी थांबतच नाहीं, पुन्हां पहिल्यापासून लाव, असें त्यांनीं फर्मावलें. आणि खालून वहिनींनीं पानें वाढल्याची दुसरी हांक मारली तेव्हां ते तिसऱ्यांदा मरोळ नाक्याहून निघत होते.